पाय पाहणारे साळवे

दानिएल साळवे माणसाला पायांपासून पाहायचे. मी जबलपूरच्या फॅक्टरीत रुजू झालो त्या दिवशी माझं नाव विचारण्याआधी ते म्हणाले, "उजवी चप्पल बाहेरून झिजते न तुमची? गुडघा दुखत असंल." गुडघा खरंच दुखत होता. टूल रूममधले ते जुने टर्नर. मूळचे अचलपूरकडचे, आणि मी अमरावतीचा पाटील. जबलपुरात कानावर दिवसभर हिंदी पडायची, त्यात असं मराठी ऐकलं की माणूस नात्यातला वाटायचा. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकाच छपराखाली काम केलं.

त्यांच्या धाकट्या बहिणीचा एक पाय पोलिओनं गेला होता. ती जन्मभर गुडघ्यावर हात दाबत चालली. निवृत्त झाल्यावर साळव्यांनी शहराबाहेरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड घेतली, धातू कातायचं जुनं लेथ बसवलं आणि अधू पायांच्या मुलांसाठी कॅलिपर बनवायला लागले. पायाच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या, मांडीला चामड्याचे पट्टे, खाली बूट. दर शनिवारी ते बसनं कुंडमला जायचे आणि तिथून आत गावांमध्ये. मीही निवृत्त झालो होतो, घरी जीव रमत नव्हता. मापांची वही धरायला मी सोबत जाऊ लागलो.

काम सुरू करण्याआधी ते डोळे मिटून मिनिटभर उभे राहायचे. तुम्ही या लोकांना येशूबद्दल काही सांगत का नाही, असं मी एकदा विचारलं. ते चामडं कापत होते. मान वर न करता म्हणाले, "कोणी विचारलं तं सांगतो. नाही विचारलं तं पाय पाहतो. पट्टा कडक राहिला अन् पोरीच्या मांडीला फोड आला, तं माझी प्रार्थना काय कामाची?"

कुंडमच्या पुढे एका गावात सुकरती नावाची चौदा वर्षांची मुलगी होती. जन्मापासून तिचा डावा पाय लुळा. शाळा नाल्यापलीकडे, म्हणून तिसरीतच सुटलेली. तिचं कॅलिपर साळव्यांनी तीनदा उसवून पुन्हा केलं, कारण दर वेळी कुठेतरी घासायचं. चौथ्या वेळी ती उभी राहिली, अंगण ओलांडलं आणि शाळेच्या वाटेला लागली. तिची आई रडायला लागली. साळवे मात्र तिच्या टाचेवर नजर लावून उभे होते. "वळून नाही पाहिलं पोरीनं," ते मला म्हणाले, "म्हणजे बरोबर बसलं."

त्यानंतर आसपासच्या गावांतून लोक येऊ लागले, आणि मग बोलवा उठली की जबलपूरचा एक ईसाई म्हातारा पाय देतो आणि धर्म घेतो. एका शनिवारी आम्ही त्याच गावात झाडाखाली मापं घेत असताना दहाबारा तरुण मोटारसायकलींवरून आले. बाहेरचे होते, गावातला एकही नव्हता. त्यांनी वही फाडली, तयार कॅलिपर नाल्यात फेकले. निळ्या शर्टातल्या एकानं साळव्यांच्या तोंडात मारली. सत्तरीतला माणूस, चष्मा उडून पडला. मग तो माझ्याकडे वळला. नाव विचारलं, मी सांगितलं. "पाटील? हिंदू होके इसके साथ क्या कर रहे हो?"

मी म्हणालो, "मैं इनके काम में नहीं हूँ, भैया. बस घूमने आया था."

साळवे चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं.

कोणीतरी कळवल्यावर पोलीस आले आणि आम्हा दोघांना चौकीवर नेलं. तिथला हवालदार माणूस वाईट नव्हता. पुन्हा या भागात येणार नाही एवढं लिहून द्या, प्रकरण इथंच मिटवू, असं तो समजावत होता. साळव्यांनी कागद परत सरकवला. पुढच्या खेपेला एका पोराच्या बुटाची उंची वाढवायची आहे, मग असं खोटं कसं लिहून देऊ, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मारलं का, याला हो म्हणाले. तक्रार करायची का, याला नाही. मी बाकावर खाली मान घालून बसलो होतो. शेवटी बघू म्हणून पोलिसांनी आम्हाला सोडलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च सुटायच्या वेळी मी जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या त्यांच्या घरासमोर जाऊन थांबलो. ते आले, मला थेट अंगणात घेऊन गेले. मी बोलायला सुरुवात केली तशी त्यांनी हात धरला. "भेले होते तुमी, पाटील. मीबी भेलो होतो. अन् राग किती आला म्हणून सांगू. बसमधी सगळ्या रस्त्यानं मी त्या पोराला मनात शिव्या देऊन राहिलो होतो. आज प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायचं होतं, तं नावच माहीत नाही. मंग काय, देवा, तो निळ्या शर्टवाला, त्याले सांभाळ, असं म्हटलं." ते हसले. गाल अजून सुजलेला होता. मग विचारलं, "शनिवारी येता काय?"

मी गेलो. आधी चौकीवर गेलो आणि माझा जबाब लिहून घ्या म्हणालो: मी यांच्या कामात आहे, मापं मी लिहितो, कुणाला धर्म बदला असं यांनी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. बाहेर पाहतो तर सुकरतीचा बाप गावातल्या वीसेक माणसांना घेऊन उभा. त्यानं आपल्या पोरीबद्दल हवालदाराला एवढंच सांगितलं, "साहब, हमारी मोड़ी का नाप लिया है इन्ने, और कुछ नहीं लिया." ते प्रकरण पुढे गेलं नाही. नाल्यातून गावकऱ्यांनी काढून ठेवलेले कॅलिपर साळव्यांनी घासून, तेल लावून ज्याचे त्याला दिले. पुढे सहा वर्षं आमचा शनिवार चुकला नाही.

गेल्या जानेवारीत साळवे गेले. शेडमध्येच छातीत दुखलं, संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. चर्चमधल्या प्रार्थनेनंतर पाळकांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. समोर माझी बायको बसली होती, मुलगा-सून होते, फॅक्टरीतले जुने सोबती होते. यांतल्या कोणालाही मी ती गोष्ट कधी सांगितली नव्हती. मी उभा राहिलो आणि सगळी सांगितली, माझं ते वाक्यसुद्धा. सांगून झालं तेव्हा वाटलं, आता इथून मान खाली घालून जावं लागेल.

बाहेर मार्थाबाई, त्यांच्या पत्नी, काठी टेकत माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं ते बोलणं सहा वर्षांत त्यायनं मलेबी सांगितलं नाही."