अर्धी नोट

खळ शिजल्याचा वास आला, की नंदुरबारच्या ओट्यावर अर्धी नोट हातात धरून बसलेली माय आठवते. वडील रंगूनला भातगिरणीत होते. टपालात चोरी होऊ नये म्हणून त्यांनी नोट कापून अर्धीच धाडली होती. "उरलेली पुढच्या टपालानं येईल," पोस्टमननं पत्र वाचून सांगितलं. तो वळताच, उरलेली अर्धी त्यानंच लाटली या संशयानं माय फणफणली, "यानीच दाबी लिधी!" पंधरा दिवसांनी त्यानंच दुसरी अर्धी आणून दिली. मायनं खळ लावून नोट जोडली, पण परक्याच्या वाचण्यावर भरवसा नको म्हणून मला शाळेत घातलं. पुढे मी पहिलं पत्र वाचलं, तर माय माझ्याही वाचण्यावर संशय घेत डोळे बारीक करून विचारते, "खरंच हाईच लिखेल शे ना?" आता माझी नजर गेली, नात पत्र वाचते, आणि मीही तेच विचारते.