माझ्या गळ्यातली अक्का

आमची सोनाअक्का कुठल्याही अंधाऱ्या जागी शिरण्याआधी वर्दी देत असे. बेडशाच्या लेण्यांवर आम्ही दोघी बहिणी शेरडे घेऊन जायचो. सर आली की शेरडे आधी लेण्यात पळत, मागून आम्ही. आत खांबांच्या मागे डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा काळोख. मी दाराशीच थबकायची. अक्का मात्र पदर खोचून पुढे व्हायची आणि त्या काळोखाला मोठ्याने सांगायची, "आमी दोगी आलोय. पाऊस थांबला की जाऊ." आतून तिचाच आवाज जरा उशिराने परत यायचा. मग ती वळून म्हणायची, "ये आता. सांगून आलं की कुनी भ्या घालत न्हाई."

"कुनाला सांगतीस गं?"

"आसंल त्येला. नसंल तर माजं मलाच सांगितलं."

माझ्याहून ती पाच-सहा वर्षांनी मोठी. "आदी तू, मंग मी" हे तिचे पालुपद. भाकरीचा पापुद्रा, झोका, जत्रेतली रेवडी, सगळे आधी मला. यात लाडीगोडी नव्हती, हुकूम होता. मी "तू घे" म्हटले तर टपली बसे. मला मराठी चौथीपर्यंत शाळा मिळाली तीही तिच्यामुळे. आमच्या वडिलांपुढे उभी राहून म्हणाली, "आबा, शेरडं म्या राखते, हिला पाटी घ्या." तिला स्वतःला अक्षर येत नव्हते. एकदा माझे पुस्तक उलटे धरून तिने अख्खी कविता घडाघडा म्हणून दाखवली, माझी ऐकून ऐकून पाठ झालेली. आम्ही हसून हसून रडलो.

लग्न होऊन ती लोणावळ्याला गेली. दाजी रेल्वेत सांधेवाले, गाड्यांना रूळ बदलून देणारे. चाळीतली एक खोली, मागे रूळ, आणि पावसाळ्यात थेट चुलीपर्यंत येणारे धुके. माहेरी आली की सांगायची, "तितं ढगबी घरात येत्यात. पर न सांगता येत्यात मेले." किसन झाला, आणि तो रांगायच्या आत मानमोडीची साथ आली. तापाने माणसे पटापट जात होती. निरोप पोचून आई आणि आबा लोणावळ्याला जाईपर्यंत सगळे आटोपले होते. तिने धड विशीही पाहिली नाही. तिची सासू आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "माज्या हातानं पानी पाजलं. सुकानं गेली." त्या एका वाक्यावर आईने पुढचे दिवस काढले.

वर्षाच्या आत मला त्याच घरात दिली. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण सगळ्यांना एकदम आठवली. मावशीला काय वाटते ते कुणी विचारले नाही. कालपर्यंत ज्यांना दाजी म्हणत होते त्यांना आता हाक कशी मारायची, हेच मला पुष्कळ दिवस कळत नव्हते, म्हणून मी त्यांना हाकच मारत नसे.

दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीची आकृती ठोकलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. नवे लुगडे आधी टाकाला दाखवायचे, मग नेसायचे. पहिला घास टाकापुढे, मग आपला. सोनाराने ठोकलेली ती बाई कुणीही असू शकली असती. डोळ्यांना दोन टिंबे, तोंडाला एक रेघ. जिने मला जन्मात कधी दुसरी होऊ दिले नाही, तिच्या मागे मी कायमची दुसरी झाले. मला फार रडू यायचे. रडायचे तरी तो टाक मुठीत धरूनच, कारण त्या घरात माझे म्हणावे असे दुसरे कुणी नव्हते.

आणि घरात ती होती. वारा नसताना पाळणा हलायचा, त्यात माझी नजर चुकली असेल. पण खुरासणीच्या तेलाचा वास? माहेरी आम्ही डोक्याला तेच तेल लावत असू, या चाळीत कुणीच लावत नव्हते. धुक्याच्या दुपारी तो वास दारातून आत येई आणि चुलीशेजारच्या कोपऱ्यात थांबे. मग किसन त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून खिदळे आणि कडेवर घे म्हणून दोन्ही हात वर करी. एकदा मी तिथे हात घालून पाहिला. चूल थंड होती, आणि कोपरा मात्र उबदार होता, कुणी नुकते उठून गेल्यासारखा. मला भीती वाटली. आपल्या अक्काची भीती वाटावी, याचे नंतर फार वाईट वाटले.

सासूला मी आत्याबाई म्हणत असे. चुलीशेजारच्या कोपऱ्याकडे त्या पाठ करून बसत नसत आणि तोंड करूनही बसत नसत. पुढच्या पावसाळ्यात किसनला ताप भरला तेव्हा त्यांचा धीर सुटला. "पोराला न्यायला आलीया ती," म्हणाल्या. ताप हिवाचा होता, पुढे कोयनेलने उतरला, आणि किसन आज घाटात इंजिन चालवतो. पण त्या दिवशी आत्याबाईंनी डॉक्टरच्या आधी देवऋषी गाठला. त्याने उपाय सांगितला की माझ्या गळ्यातला टाक काढायचा आणि उंबराच्या खोडात खिळा मारून ठोकायचा. मग ती घरात यायची नाही आणि पुढेही जायची नाही, तिथेच अडकून राहील.

मी टाक मुठीत धरला. "आत्याबाई, भैन हाय माजी ती."

"सवत झाली की भैन ऱ्हात न्हाई," त्या म्हणाल्या. "पोर ऱ्हायलं पायजे का न्हाई?"

भर दुपारी कंदील लावावा लागावा असे धुके होते. घरचे मालक सांध्यावर कामाला गेलेले. देवऋषीने ऊद जाळला, ताम्हनात खिळा ठेवला, मला पाटावर बसवले. टाक काढण्याआधी तिला विचारावे लागते म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांत बघून ओरडला, "कोन हायेस तू? नाव सांग!"

बायांच्या अंगात येताना मी माहेरच्या जत्रेत पुष्कळ पाहिले होते. त्या क्षणी मी ठरवले. अक्काला झाडाला ठोकू द्यायचे नाही. केस मोकळे सोडले आणि घुमायला लागले.

"सोना," मी म्हणाले. "पोराला न्यायला आले न्हाई मी. मला खिळू नगा."

एवढेच मी ठरवले होते. एवढे बोलून आडवे पडायचे, की झाले. पण तोंड थांबेना.

"आत्याबाई, म्या पानी मागितलं. तुमी तांब्या उंबऱ्याभायेर ठिवला आन् पदर तोंडाला लावून लांब बसला. म्या हात लांबवला. पोचला न्हाई."

हे मला ठाऊक नव्हते. कुणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. साथीत अर्धी चाळ ओस पडली होती, दाजी कामावर होते आणि खोलीपाशी त्या दोघींखेरीज फक्त तान्हा किसन होता.

आत्याबाई भिंतीला धरून खाली बसल्या.

"लय भ्याले गं," त्या म्हणाल्या. "पोर माज्या मांडीवर व्हतं. आत आले आस्ते तर ताप त्येलाबी लागला आस्ता. तू हाका मारत व्हतीस आन् म्या पोराचे कान झाकून बसले. तुज्या आईशी खोटं बोलले म्या."

देवऋषीने खिळा कमरेला खोचला आणि दक्षिणेचा नारळ घेऊन निघाला. त्याच्याकडे कुणी पाहिले नाही.

आत्याबाई उठल्या. माठातून तांब्या भरून घेतला. दोन्ही हातांत धरून आणतानाही निम्मे पाणी जमिनीवर सांडले. माझ्यासमोर गुडघे टेकून त्यांनी तो माझ्या ओठांना लावला.

"पी माय," त्या म्हणाल्या.

मला तहान नव्हती. नुकतीच जेवून, पोटभर पाणी पिऊन बसले होते. तो तांब्या मी एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.