गोदाच्या हाताला लागलेला बोल

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. धाराशिवच्या डॉक्टरांना निम्मं सांगितलं — तेही त्यांनी विचारलं म्हणून. उरलेलं निम्मं तुम्हाला सांगतो. नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

मी तहसिलीत कारकून. शिक्षण सगळं उर्दूतलं. हैदराबाद राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि दप्तर मराठीत झालं. घरी जन्मभर मराठी बोलणारा मी — पण मराठीत टिपण लिहायला बसलो की तळहाताला घाम सुटे. आता आपल्याला काढतात की काय? घरी येऊन जेवायला बसलो की हात थांबायचा नाही. मग दुसरीच भीती — एवढं सगळं आत राहिलं तर? परसात जाऊन मुद्दाम ओकून टाकायचो. तोंड धुऊन माणसांत यायचो. धास्तीनं झालं म्हणू? तहसिलीत उर्दूवाले आणखी चौघं होते. त्यांनी असलं काही केलं नाही.

पण ही नुसती लाज झाली. गुन्हा पुढंच आहे.

येळवशीला आम्ही मुरूम गावाजवळच्या आमच्या रानात होतो. मार्गशीर्षातल्या अवसेला उभ्या ज्वारीत पूजा करायची आणि बोलावलेल्या सगळ्यांनी तिथंच पोटभर जेवायचं, अशी आमच्याकडची रीत. भज्जी, आंबील, उंडे — सगळं माझ्या बायकोनं, गोदानं केलेलं. मी जेवलो. किती, ते विचारू नका. मग ज्वारीच्या आडोशाला गेलो — आणि मायनं मला ओकताना पाहिलं. मुद्दाम ओकतोय, हे तिला दिसलं नाही.

"हिच्या हातचं सोसंना बया माझ्या लेकाला," ती पंगतीतल्या बायांना म्हणाली.

शेजारची काकू हसली. "आमी तर दोनदा वाढून घेतलं. आमाला बरं सोसलं?"

"तुमचं पोट न्हाय, रांजण हाय! गोदा, उद्यापास्नं तू चुलीम्होरं बसायचं न्हाय."

गोदा माझ्याकडं बघत होती. एक वाक्य पुरलं असतं — माय, हे मीच करतो. मी काय केलं? तांब्या उचलून चूळ भरली.

"व्हय, आत्या," गोदा म्हणाली.

पुढं मी जपून, लपून तेच करत राहिलो. एक दिवस तहसिलीत चक्कर येऊन पडलो. मग एसटीनं धाराशिवला, दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही स्वतःच ओकून काढता का?" मी होकाराची मान हलवली. ते म्हणाले, हा आजार आहे, लाजू नका. वेळच्या वेळी जेवा. जेवल्यावर एकटं राहू नका, घरच्यांत बसा. पुढच्या खेपेला मंडळींना घेऊन या.

"ती माहेरी गेलीय," मी म्हणालो. ती घरी भांडी घासत होती.

दर महिन्याला जात राहिलो. घरी म्हणायचो, सरकारी काम. हळूहळू कमी झालं — अगदी गेलं असं नाही, पण कमी झालं. आणि माय गावभर सांगू लागली, "चूल बदलली अन् पोरगं सुधारलं, बघा!" कळतंय ना तुम्हाला? मी बरा होत होतो, आणि तोच गोदाविरुद्धचा पुरावा होत होता.

एकदा जेवण करून बसलो होतो — डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं, घरच्यांत. धाकटी लेक ताट घेऊन आईपाशी गेली. "भरव की गं."

गोदानं हात पदराखाली घेतला. "आज्जीकडं जा, बाळा. माझा हात बरा न्हाय."

मी ऐकलं.

माय जाऊन दोन वर्षं झाली. चूल आपसूक गोदाकडं आली. पहिल्या दिवशी मला वाढून ती दारात उभी राहिली. "सोसंल का?" तिनं विचारलं. "सोसंल," मी म्हणालो. तेव्हाही एवढंच म्हणालो. अजून ती रोज विचारते.

तिच्या हातात कधीच काही दोष नव्हता. हे तिला, आणि येळवशीच्या पंगतीतल्या सगळ्या बायांना, माझ्या तोंडानं सांगणं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.