नाव नसलेला किल्ला

हणमंतनाना बसल्या जागी दगड मांडायचे. पारावर बोलता बोलता त्यांच्यापुढे खड्यांचा चौकोन तयार व्हायचा. कोपरे गोलसर, चारी बाजूंना एकेक दरवाजा. कोरेगावजवळच्या आमच्या गावात ते बैलांच्या खुरांना पत्री, म्हणजे लोखंडी नाल, ठोकत. दुसऱ्या महायुद्धात खेचरांना नाल ठोकायला पलटणीबरोबर विलायतेला, वेल्सच्या डोंगरात गेले आणि लाथेने बरगड्या मोडून परत आले.

"तितं रोमन शिपायांचा किल्ला हाय," ते सांगत. "लय लांबनं आनलेलं बिचारं, आमच्यावानी. दुसऱ्याच्या राजासाठी डोकी फोडली, फोडून घेतली. आता मेंढरं चरत्यात. नाव इचारलं तर तितला मास्तर म्हनला, खरं नाव कुनालाच ठाव न्हाई."

हे मी हसत हसत कितीदा ऐकले होते.

सांगलीचे कॉलेज सोडून मी इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत भूमिगत झालो, त्या सुमारास नानांनी माळावर धोंडे लावून तो किल्ला पुरा रचला. त्याच आठवड्यात आमची दोन माणसे पकडली गेली. आमचा म्होरक्या तात्या याला ती पोलिसांच्या छावणीची आखणी वाटली. त्यात नाना सरकारची पेन्शन खाणारे. संशयाला एवढे पुरले.

भर दुपारी गुऱ्हाळात त्यांना पालथे पाडले. खबऱ्याला आम्ही 'पत्री' मारायचो, म्हणजे पायांच्या तळव्यांवर काठ्या.

"कुटली जागा ही? नाव सांग!"

"नाव कुनालाच ठाव न्हाई, तात्या."

"लपवतोस व्हय रं?" तात्याने काठी माझ्या हातात दिली.

मला खरे ठाऊक होते. पण खबऱ्याची बाजू घेणारा पुढचा खबऱ्या ठरे. मी मारले. कातडी फाटली, काठी रक्ताने निसटू लागली, हाड मोडल्याचे माझ्या मनगटाला कळले. नाना एवढेच म्हणाले, "आरं गड्या, बैलाला पत्री ठोकतानाबी कुनीतरी त्याची मान धरतं."

फौजदाराने गावाला अवचित वेढा घातला. मला पळता आले नाही. चावडीपुढे गावकऱ्यांना रांगेत उभे करून नानांना बाजेवर आणले.

"कुणी मारलं? नाव बोल!"

नानांची नजर रांगेवरून फिरत माझ्यावर थांबली.

"नाव ठाव न्हाई, सायेब."

फौजदाराने त्यांच्या मोडक्या पायावर बुटाची टाच रोवली. नाना किंचाळले, नाव मात्र आले नाही.

पाय सडला. मी भेटायला गेलो तेव्हा वैद्य सडके मांस कापायच्या तयारीत होता.

"नाना, माझं नाव का नाही घेतलंत?"

"घिऊन माजा पाय परत येनार हुता व्हय? आता तरी मान धर, रं."

मी धरली. ती माझ्या हातांतच जड झाली.