पहिला सूर मामाचा

काल नंदुरबारहून टूर सुरू झाली. सकाळपासून अभिनंदनाचे मेसेज येताहेत... जरा थांबा, आधी हे वाचा.

नंदुरबार ते कोल्हापूर, बत्तीस गावं, जुनी व्हॅन, मी एकटा आणि माझं क्लॅरिनेट. सुरुवात मुद्दाम आपल्याच गावाहून ठेवली होती, ती मामासाठी. मामा जवळच कोरीटला शेती करतो, पण उभं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. बँड पार्टीचा मास्तर होता तो.

मी नववीत असताना त्यानंच हे वाद्य माझ्या हातात दिलं. ओठ सोलून निघायचे, आई त्याच्यावर ओरडायची... तो म्हणायचा, अजून दोन महिने. त्या दोन महिन्यांची पाच वर्षं झाली.

बँडमध्ये आमची एक रीत आहे. तुळशीचं लग्न झालं की सीझन लागतो. लग्नाच्या पहिल्या सुपारीला निघण्याआधी आपलं वाद्य मास्तरच्या हातात द्यायचं. पहिला सूर तो काढणार, मग आपण. दात गेल्यापासून मामाचं वाजवणं बंद आहे, पण पार्टीतली माणसं त्या एका सुरासाठी आजही त्याच्या दारात जातात.

टूर म्हणजे माझा सीझनच की. म्हणून दुपारी कोरीटला गेलो. मामीनं चहा केला. मामा खाटेवर बसून कापसाचं बोलला, थंडीचं बोलला... टूरचं नावच काढेना. शेवटी मी क्लॅरिनेट जोडलं, तोंडाची पत्ती ओली केली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

त्यानं घेतलं नाही. शांतपणे म्हणाला, "पहिला सूर मास्तरनाच. तुन्हा मास्तर तूच शे ना? मंग तूच फुक."

मला कळेचना. मग त्यानं मोबाइल पुढे केला. टूरचं पोस्टर, मीच मोठ्या हौसेनं पाठवलेलं. माझ्या फोटोखाली छापलंय, 'कुठल्याही गुरूशिवाय, स्वतःच्या बळावर घडलेला कलाकार.'

डिझायनरनं लिहिलं ते, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण खरं मला माहीत आहे. त्यानं विचारलं होतं, कुणाकडे शिकलात? पुण्यात 'बँडवाला' म्हटलं की लोक कसे गालात हसतात ते मी पाहिलंय... म्हणून म्हणालो, असंच, घरीच. पुढचं त्यानं सजवलं, आणि वाचून मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं होतं. लाज त्याचीच वाटते.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "चहा पी ले, थंडा व्हई ऱ्हायना." चार शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो. मामीनं नेहमीसारख्या भाकरी बांधून दिल्या. मामा खाटेवरून उठला नाही.

संध्याकाळी हॉल भरला होता. कोरीटची माणसं होती, मामाच्या पार्टीतली दोन-तीन म्हातारी मंडळी तर पहिल्याच रांगेत. निवेदकानं त्याच पोस्टरवरून माझी ओळख करून दिली, शब्द न् शब्द. माईक माझ्या तोंडापुढे होता. 'हे खोटं आहे, मला मामानं शिकवलं,' एवढंच म्हणायचं होतं.

तेवढंही म्हणालो नाही. लोकांनी त्या वाक्यावर टाळ्या वाजवल्या आणि मी मान लववून त्या घेतल्या. पहिल्या रांगेतले हात मात्र मांडीवरच होते. मग पहिला सूर माझा मीच काढला.

कार्यक्रम चांगला झाला म्हणे. असेल.

आज पोस्टर बदललंय. माझ्या गुरूचं नाव भटू मास्तर, मुक्काम कोरीट. धुळ्याला, जळगावला, नाशिकला, जाईन तिथे माईकवर आधी हेच सांगणार आहे. पण तिथे मामाला ओळखतं कोण... ज्या एका हॉलमध्ये त्याची माणसं बसली होती, तिथे मी गप्प राहिलो.