जंभेरीच्या खुंटावर स्पॅनिश

स्पॅनिश मला चांगलं येत होतं, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. शंका होती ती पंधरा अनोळखी माणसांपुढे तोंड उघडण्याची. अमरावतीच्या भाषावर्गात मला चाचणीचा एकच तास मिळाला होता. तो जमला तर नोकरी, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला परत.

इंग्रजी शाळेत वाढल्यामुळे मी सगळा तास इंग्रजीत लिहून नेला होता. प्रत्यय कसे लागतात, त्यांनी अर्थ कसा बदलतो, सगळं नीट मांडलेलं. तेच वाचत मी फळ्यावर शब्दांना प्रत्यय जोडत गेले. वीस मिनिटांत वर्ग थंड पडला. मागच्या बाकावरच्या संचालकबाईंनी घड्याळ पाहिलं.

पुढच्या बाकावर वरूडचे एक संत्रा बागायतदार काका होते. त्यांचा मुलगा स्पेनमध्ये, सून तिथलीच. "सुनेसंग बोलाचं हाये मले," एवढीच त्यांनी ओळख करून दिली होती. ते एकदम म्हणाले, "मॅडम, हे त खुंटावर डोळा बांधल्यावानी झालं."

न समजता मान डोलवायची मला सवय होती. त्या दिवशी नाही डोलवली. "मला माहीत नाही, काका. दाखवता?"

"इंग्रजी शायेत नाई शिकवत वाटते!" वर्ग हसला. काकांनी फळ्यावर रोप काढलं. खाली जंभेरी लिंबाचा खुंट, म्हणजे मुळाकडचं रोप. त्याच्या सालीला चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीवरचा कोंब, म्हणजे डोळा, आत बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा.

मी खडू घेतला आणि मराठीतच बोलू लागले. कागद टेबलावरच राहिले. खुंट एकच, डोळे बदलायचे. नारांखा म्हणजे संत्रं. शेवटी 'ओ' बांधला की झाड, नारांखो. 'आल' बांधला की बाग, नारांखाल. 'एरो' बांधला की संत्री विकणारा, नारांखेरो.

"म्हंजे मी!" काका म्हणाले.

"आणि दोन अख्खी रोपंच एकमेकांना जोडली तर?" मी विचारलं.

"भेटकलम."

मग मी बुजगावण्याचा स्पॅनिश शब्द लिहिला. एस्पांता म्हणजे घाबरवतो, पाखारोस म्हणजे पाखरं. दोन्ही जोडून एस्पांतापाखारोस. एका मुलीनं कापसाचा शब्द विचारला. मी अल्गोदोन म्हणाले, तोवर तिच्या शेजारणीनं कपाशीचं शेतही करून टाकलं: "अल्गोदोनाल?"

"अगदी बरोबर."

तास संपल्यावर संचालकबाईंनी माझे कागद गोळा करून दिले. "सोमवारपासून या. हे लिहिलेलं छान पद्धतशीर आहे, यावरूनच शिकवा."

"येते," मी म्हणाले. "पण हे इंग्रजी कागद राहू द्या. मी मराठीतून शिकवीन."