काला अंबच्या वाटेवर बधिर बोटे

संक्रांतीच्या पहाटे दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातून निघालो, तेव्हा कोहऱ्यात (धुक्यात) समोरचा जिनासुद्धा दिसत नव्हता. सोबत कॅन्टॉन्मेंटमधल्या सुनंदावहिनी. सायकलने पानिपत गाठायचे आणि तिथल्या लढाईच्या, काला अंबच्या स्मारकापुढे मी रांगोळी काढायची, असे ठरले होते. दरवर्षी ती आई काढायची. यंदा आई नाही, म्हणून हट्टाने मी नाव दिले होते.

सायकल नवऱ्याची. सीटचे नाक त्याने खाली झुकवून दिले होते. "बायकांना असंच बरं पडतं," हा त्याचा शोध.

दिल्लीची हद्द ओलांडेपर्यंत अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर झाली.

"थंडी आहे यार, अजून एक जोडी चढव," वहिनी म्हणाल्या.

मी हातमोज्यांवर हातमोजे चढवले. आता ब्रेकही समजेना. रांगोळीची चिमटी नेमकी याच बोटांची!

मुरथलच्या ढाब्यावर पराठ्याचा घास बोटांतून निसटला. पण गंमत अशी की करंगळी ठणठणीत! "थंडी काय बोटे निवडून धरते?" मी विचारले.

"अच्छा, मग बसून दाखव बघू," म्हणत वहिनींनी सायकल धरली. मी बसले, हँडल सोडले आणि घसरत पुढेच आले. म्हणजे इथवर मी सीटवर बसलेच नव्हते, तळहातांवर टेकले होते; त्या भारानेच बोटे बधिर झाली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

ढाबेवाल्याकडे पाना मागितला.

"पंचर है, मैडम?"

"नहीं भैया, सीट टेढ़ी (वाकडी) है."

सीट सपाट करून जरा पुढे ओढली, हँडल थोडे वर घेतले. वरचे मोजे काढले आणि कोपरे सैल सोडून निघाले.

दोन्हीकडे सरसों (मोहरी) फुलली होती. गन्नौरच्या अलीकडे बोटांना मुंग्या आल्या आणि मी आनंदाने ओरडलेच.

काला अंबला माणसे जमली होती. पहिली रेघ जाड आली, वेडीवाकडी. ती पुसली, हात झटकले, पुन्हा चिमटी भरली. या वेळी कण न् कण बोटांना लागला. तिथे मला रडू आले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. वहिनी रंग भरत राहिल्या.

परतीला सायकली बसच्या टपावर चढवल्या. घरी नवऱ्याने सीट पाहिली.

"हे काय केलंस? पहिल्यासारखी करून देऊ?"

"हात लावू नकोस," मी म्हटले. "पुढच्या संक्रांतीलाही रांगोळी मीच काढणार आहे."